डायलॉगमागे फोटो लावला की फ्लिकर, लेबलांमागे राखाडी पट्ट्या आणि दोन-तीन तासांनी विंडोचं वाटोळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएफसीतलं (विंडोज अॅपसाठीची मायक्रोसॉफ्टची सी प्लस प्लस लायब्ररी) डायलॉग बेस्ड अॅप, मागे कंपनीचा फोटो लावायचाय. ऑनपेंटमध्ये (विंडो रंगवायची वेळ आली की चालणारं फंक्शन) दर वेळी लोडबिटमॅप करून स्ट्रेचब्लिट मारलंय, म्हणजे फोटो लोड करून विंडोच्या मापाला ताणून काढलाय. फोटो दिसतो, पण विंडो कोपऱ्याला धरून ओढली की सगळं लुकलुकतं. लेबलांच्या मागे राखाडी पट्ट्या दिसतात, त्या घालवायला ऑनसीटीएलकलरमध्ये (लेबल, बॉक्स वगैरे आपला रंग विचारतात ते फंक्शन) नवीन ब्रश, म्हणजे मागची जागा भरायचा रंग किंवा नमुना, बनवून रिटर्न केलाय. आणि अॅप दोन-तीन तास चालू राहिलं की फोटो गायब, बटणं अर्धवट, बंद करून परत उघडलं की सगळं ठीक. शेवटी त्रागा असा की साधा मागचा फोटो लावायला विंडोजमध्ये एवढी मारामारी का.

मारामारी आहे हे खरं, मी वीसेक वर्षं ती करतोय. पण या तीन वेगळ्या तक्रारी आहेत, तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकीचं औषध दुसरीला दिलं की आणखी बिघडतं, आजार रेड्याला अन् औषध पखालीला. तुमच्या ब्रशचं नेमकं तेच झालंय. (नावं मी तोंडाने म्हणतो तशीच लिहितोय, कोडमध्ये पहिली चार अक्षरं टाकली की ऑटोकम्प्लीट बाकीचं देईल.)

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. विंडोजमध्ये बॅकग्राउंड आपण आपल्या मर्जीने "लावत" नाही. विंडोज आपल्याला विचारतं, की बाबा इथे मागे काय आहे, आणि आपण तेवढ्यापुरतं उत्तर द्यायचं. हा प्रश्न एकदा नाही, दिवसातून हजारो वेळा येतो, आणि तो एकाच दाराने येत नाही. डायलॉग स्वतः विचारतो, लेबल वेगळं विचारतं, थीमवालं बटण तिसऱ्याच दाराने विचारतं. तुम्ही एकाच दारावर उभं राहून उत्तर दिलंय, बाकीच्या दारांवर विंडोजने स्वतःच राखाडी रंग वाटला.

फ्लिकरपासून सुरू करू. इनव्हॅलिडेट म्हटलं की लगेच काही रंगत नाही, फक्त तेवढा भाग "खराब" म्हणून नोंदवला जातो. मेसेजच्या रांगेत बाकी काही उरलं नाही की मग डब्ल्यूएम पेंट हा रंगवायचा मेसेज येतो. त्यात तुम्ही सीपेंटडीसी बनवता, तो आतून बिगिनपेंट बोलावतो, आणि बिगिनपेंट तुमच्या हातात डीसी (डिव्हाइस कॉन्टेक्स्ट, ज्यावर चित्र काढायचं तो कागद समजा) द्यायच्या आधी विंडोला डब्ल्यूएम इरेज बॅकग्राउंड पाठवतो. तो मेसेज तुम्ही हाताळला नसेल तर डिफॉल्ट प्रोसिजर डायलॉगचा राखाडी रंग सगळीकडे फासते. त्यावर मग तुमचा फोटो. म्हणजे आधी अंगण सारवायचं आणि मग रांगोळी काढायची असा हा सगळा कारभार आहे, आणि जुन्या संथ मशिनवर तो शहाणपणाचाही होता, तुमची रांगोळी होईपर्यंत निदान मागच्या विंडोचा कचरा तरी दिसत नसे. आता त्रास असा की सारवण आणि रांगोळी यांच्या मधल्या क्षणी स्क्रीनवर नुसतं सारवण दिसतं. एकदा झालं तर डोळ्याला कळत नाही, पण विंडो ओढताना हे सेकंदाला तीस-चाळीस वेळा झालं की तेच फ्लिकर.

काही जण म्हणतात व्हिस्टापासून डीडब्ल्यूएम (सगळ्या विंडोंची चित्रं एकत्र करून स्क्रीनवर दाखवणारा विंडोजचा भाग) आलाय, आता प्रत्येक विंडोचं चित्र बाजूला वेगळं तयार होतं, मग फ्लिकर कसा? डीडब्ल्यूएममुळे एवढंच झालं की दुसरी विंडो तुमच्यावरून सरकवली तर आता पेंट येत नाही, एक्सपीत यायचा. पण तुमचं सारवण झालंय आणि रांगोळी बाकी आहे अशा मधल्या क्षणी डीडब्ल्यूएमने तुमचं चित्र उचललं तर तो तेच अर्धवट चित्र दाखवणार. त्याला काय माहीत तुमचं अजून व्हायचंय.

म्हणून फ्लिकरचा नियम एकच, एका रिपेंटमध्ये एका पिक्सेलला एकदाच रंग. टायमर लावणं, मध्ये स्लीप घालणं, लॉकविंडोअपडेट बोलावणं हे सगळे उपाय मी लोकांच्या कोडमध्ये बघितलेत आणि सगळे काढून टाकलेत.

आता यावर जो उपाय सगळे सांगतात तो म्हणजे ऑनइरेजबॅकग्राउंड ओव्हरराइड करा, आत फक्त रिटर्न ट्रू लिहा आणि सगळं ऑनपेंटमध्ये काढा. शून्य सोडून काहीही परत केलं की विंडोज समजतं बॅकग्राउंड झालंय, राखाडी फासत नाही. फ्लिकर खरंच जातो. पण अर्ध्या तासाने टेस्टर येतो की पुश बटणांच्या गोल कोपऱ्यांमागे काळं दिसतंय. का? तर एक्सपीपासून थीमवाले कंट्रोल (बटणं, बॉक्स वगैरे) आपल्या कोपऱ्यांमागे काय आहे ते काढण्यासाठी ड्रॉथीमपेरेंटबॅकग्राउंड नावाचं फंक्शन वापरतात, आणि ते फंक्शन काय करतं, तर मुलाचा (म्हणजे कंट्रोलचा) डीसी घेऊन बापाला (ज्या विंडोत तो बसलाय तिला, इथे डायलॉगला) आधी इरेज बॅकग्राउंड आणि मग डब्ल्यूएम प्रिंटक्लायंट पाठवतं, की या डीसीवर तुझं मागचं काढून दे. तुम्ही इरेजमध्ये "हो झालं" म्हणून नुसती मान डोलावली, प्रिंटक्लायंट तर हाताळलेलाच नाही, मग तिथे कोणीच काही काढलं नाही. काढलं नाही आणि वर काढलं म्हणून सांगितलं.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. बॅकग्राउंड काढणारं एकच फंक्शन लिहायचं, त्याला बाहेरून डीसी द्यायचा, आणि ते त्याच डीसीवर काढेल, स्वतः गेटडीसी वगैरे काही करणार नाही. मग ऑनइरेजबॅकग्राउंडमध्ये मेसेजबरोबर जो डीसी येतो तो या फंक्शनला द्या आणि ट्रू परत करा. प्रिंटक्लायंट आला तर त्यातलाही डीसी याच फंक्शनला द्या. ऑनपेंटमध्ये बॅकग्राउंडला हात लावायचा नाही. तुमच्या केसमध्ये डायलॉगवर फोटो सोडून वेगळं काही काढायचंच नाहीये, तर ऑनपेंट काढूनच टाका, इरेजमध्ये फोटो एकदाच उमटतो आणि राखाडी सारवण होतच नाही. यात एक बारीक मेख आहे. ड्रॉथीमपेरेंटबॅकग्राउंडने दिलेल्या डीसीचा ओरिजिन आधीच सरकवलेला असतो, म्हणजे तुमचं शून्य-शून्य बरोबर डायलॉगच्या कोपऱ्यावर पडेल असा. तुमच्या फंक्शनने आत व्ह्यूपोर्ट ओरिजिन परत शून्यावर आणला तर सगळं बोंबललं. काही बदलायचंच असेल तर सेव्हडीसी-रिस्टोरडीसीच्या मध्ये बदला.

फोटोवर आणखी ग्राफ, रेघा, आकडे काढायचे असतील तर मात्र डबल बफर लागतो, म्हणजे मेमरी डीसीत फोटो आणि वरचं सगळं काढायचं आणि शेवटी एका बिटब्लिटमध्ये स्क्रीनवर टाकायचं. तेव्हा इरेजमध्ये नुसतं ट्रू चालेल, पण मग प्रिंटक्लायंटमध्ये बॅकग्राउंडचं फंक्शन बोलवायला विसरू नका, आत्ताच कोपऱ्यांचं सांगितलं. यात नवशिक्यांचा ठरलेला खड्डा आहे, क्रिएटकम्पॅटिबलबिटमॅपला मेमरी डीसी देणं. नव्या मेमरी डीसीत आधीच एक पिक्सेलचा काळा-पांढरा बिटमॅप बसलेला असतो, त्याच्याशी "कम्पॅटिबल" मागितलं तर तुम्हाला काळा-पांढराच मिळणार. स्क्रीनचा डीसी द्या. आणि व्हिस्टाच्या पुढेच चालवायचं असेल तर हे हाताने करूच नका, बिगिनबफर्डपेंट आहे, तो सगळं सांभाळतो.

आणखी एक, ऑनपेंटमध्ये सीक्लायंटडीसी वापरून काढू नका. बिगिनपेंट झालाच नाही तर विंडोजच्या नोंदीत तो भाग खराबच राहतो आणि पेंटवर पेंट येत राहतो, सीपीयूचा एक कोर बिचारा तेवढ्यासाठी धावत असतो आणि स्क्रीनवर तर सगळं व्यवस्थित दिसत असतं. लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागल्यावर कळतं.

आता लेबलं. लेबल ही डायलॉगवर लिहिलेली अक्षरं नाहीत, ती स्वतंत्र छोटी विंडो आहे, तिचं तिचं बॅकग्राउंड आहे. रंगवायच्या आधी ती बापाला डब्ल्यूएम सीटीएलकलर स्टॅटिक पाठवते आणि विचारते की कुठल्या ब्रशने मागे भरू. एमएफसीत हे सगळे सीटीएलकलर मेसेज एकाच ऑनसीटीएलकलरमध्ये येतात. रीड-ओन्ली आणि डिसेबल केलेले एडिट बॉक्सही स्टॅटिकच्याच नावाने येतात बरं का, त्यामुळे "स्टॅटिक असेल तर पारदर्शक" असं सरसकट लिहिलं की रीड-ओन्ली बॉक्समधला आकडाही फोटोवर तरंगायला लागतो.

सगळीकडे मिळणारं उत्तर म्हणजे सेटबीकेमोड ट्रान्सपरंट करा आणि नल ब्रश (काहीच न भरणारा) परत करा. पहिल्या रंगवण्यात मस्त दिसतं. मग लेबलचा मजकूर बदला, "शिल्लक १२००" चं "शिल्लक ९५०" करा, आणि बघा, जुन्या अक्षरांवर नवी अक्षरं चढलेली असतात कारण मागचं पुसलं कोणीच नाही. त्यावर उपाय म्हणून मजकूर बदलला की बापाचा तेवढा चौकोन इनव्हॅलिडेट करतात. तेही चालतं, पण मग कोणीतरी फ्लिकर कमी करायला डायलॉगला क्लिपचिल्ड्रन स्टाइल लावतो. क्लिपचिल्ड्रन म्हणजे बापाने रंगवताना मुलांच्या जागा सोडून रंगवायचं. आता बाप लेबलच्या खाली रंगवत नाही, लेबल नल ब्रशमुळे स्वतः रंगवत नाही, तिथे मेमरीत जे काही पडलं असेल ते दिसतं. हे दोन सल्ले वेगवेगळे वाचले तर दोन्ही बरोबर आहेत, एकत्र केले की आगीतून फुफाट्यात.

मी नल ब्रश वापरत नाही. डायलॉगच्या मापाला स्ट्रेच केलेला फोटो माझ्याकडे बिटमॅप म्हणून असतोच, त्याचाच क्रिएटपॅटर्नब्रशने एक ब्रश बनवून ठेवतो, एकदाच, मेंबर व्हेरिएबलमध्ये. लेबलने विचारलं की तोच ब्रश परत. फक्त ब्रशचा नमुना लेबलच्या स्वतःच्या कोपऱ्यापासून सुरू होतो, त्यामुळे तसंच दिलं तर प्रत्येक लेबलमागे फोटोचा वरचा डावा तुकडा दिसेल (आमच्याकडे एकदा अकरा लेबलांमागे अकरा वेळा कंपनीच्या इमारतीची गच्ची आली होती). म्हणून लेबलचा चौकोन मॅपविंडोपॉइंट्सने डायलॉगच्या मापात आणायचा, समजा लेबल डावीकडून १४० आणि वरून ६० वर आहे, तर मेसेजमध्ये आलेल्या डीसीवर सेटब्रशऑर्गईएक्सने ओरिजिन उणे १४०, उणे ६० करायचा. मग लेबलमागे फोटोचा बरोबर तोच तुकडा बसतो, सांधा दिसत नाही. मजकूर बदलला तरी लेबल स्वतःच मागचं भरून घेतं, बापाला उठवायला लागत नाही, आणि क्लिपचिल्ड्रनही खुशाल लावता येतं. विंडोज ९५ वर हे जमायचं नाही, तिथे पॅटर्न ब्रश ८ बाय ८ पिक्सेलच्या वर जात नसे, म्हणून जुन्या लेखांमध्ये नल ब्रशचाच जप सापडतो, आणि लोक आजही तोच चिकटवतात.

क्लिपचिल्ड्रन लावलं तर ग्रुपबॉक्सकडे मात्र बघा. ग्रुपबॉक्स चौकट आणि नाव काढतो, पोटात काही भरत नाही, आणि बापाने ती जागा सोडलेली असते. मी ग्रुपबॉक्स काढून टाकतो आणि चौकट बॅकग्राउंडच्याच फंक्शनमध्ये रंगवतो, भांडणच मिटलं.

आता तिसरी तक्रार, दोन-तीन तासांनी वाटोळं होणं. तुमच्यासाठी ही सगळ्यात सोपी आणि गिऱ्हाइकासाठी सगळ्यात वाईट. टास्क मॅनेजर उघडा, डीटेल्सच्या टॅबमध्ये कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून "जीडीआय ऑब्जेक्ट्स" (ब्रश, बिटमॅप, डीसी अशा चित्रकामाच्या वस्तू) हा कॉलम लावा, आणि आपलं अॅप चालू ठेवून तो आकडा बघत बसा. तो दीडशे-दोनशेला स्थिर पाहिजे. चढत असेल तर लीक आहे, म्हणजे बनवलेल्या वस्तू कोणी डिलीट करत नाहीये. एका प्रोसेसला डिफॉल्ट मर्यादा १०,००० ची आहे. तिथे पोचलं की क्रिएट करणारी फंक्शनं नल परत करायला लागतात, एररचा डबा येत नाही, क्रॅश होत नाही, नुसतं रंगवणं बंद पडत जातं. रजिस्ट्रीत ती मर्यादा वाढवता येते आणि वाढवणारे महाभागही बघितलेत, त्याने फक्त फोन उशिरा येतो.

फोनवरून आठवलं. एका सराफी दुकानाचं बिलिंग मी केलं होतं, सुरुवातीच्या काळात. दुकान साडेदहाला उघडायचं, आणि रोज दुपारी सव्वाच्या सुमाराला फोन, की स्क्रीन बिघडली. रीस्टार्ट केलं की ठीक. सगळ्यांनी आपापले अंदाज लावले, त्या वेळी एसी पूर्ण चालू असतो म्हणून व्होल्टेज पडतं, मालक जेवायला गेले की पोरं काहीतरी करतात, वगैरे. मी दोनदा तिथे जाऊन बसलो, साडेअकराला गेलो आणि साडेबाराला परत आलो, काहीच झालं नाही. मग एका रात्री कोड वाचताना घड्याळ दिसलं. वर उजव्या कोपऱ्यात मीच हौसेने घड्याळ लावलं होतं, सेकंदासकट, एक स्टॅटिक लेबल ज्याचा मजकूर दर सेकंदाला बदलायचा. मजकूर बदलला की लेबल रंगतं, रंगण्याआधी बापाला ब्रश मागतं, आणि माझ्या ऑनसीटीएलकलरमध्ये होतं रिटर्न क्रिएटसॉलिडब्रश. सेकंदाला एक नवा ब्रश, डिलीट कोणी करत नाही, करणार तरी कोण, विंडोज तर करत नाहीच. दहा हजार सेकंद म्हणजे दोन तास शेहेचाळीस मिनिटं. साडेदहामध्ये मिळवा, सव्वा एक. ब्रश मेंबर व्हेरिएबलमध्ये हलवला, एक ओळ इकडची तिकडे, आणि फोन बंद. मालकांना मी व्होल्टेजचंच सांगितलं, आता काय लपवायचं.

तुमच्या कोडमध्ये हाच ब्रश आहे, शिवाय बिटमॅपचंही बघा. तुम्ही सीबिटमॅप वापरलाय म्हणून वाटतं डिस्ट्रक्टर साफ करेल. पण तुम्ही आधी सीडीसी मेमडीसी जाहीर केलाय, त्याखाली सीबिटमॅप, मग सिलेक्टऑब्जेक्ट, आणि शेवटी जुना बिटमॅप परत सिलेक्ट केलेला नाही. सी प्लस प्लसमध्ये लोकल व्हेरिएबल उलट्या क्रमाने मरतात. म्हणजे आधी बिटमॅपचा डिस्ट्रक्टर चालतो, तेव्हा तो अजून मेमडीसीत बसलेला असतो, आणि डीसीत बसलेल्या वस्तूवर डिलीटऑब्जेक्ट शून्य परत करतं, म्हणजे नाही जमलं. डिस्ट्रक्टर ते शून्य बघत नाही. मग मेमडीसी मरतो, बिटमॅपचं हँडल अनाथ राहतं. जाहीर करायचा क्रम उलटा केला असता तर नशिबाने वाचला असता, पण नशिबावर ठेवू नका, सिलेक्टऑब्जेक्टने जे जुनं परत दिलं ते जपून ठेवा आणि जाताना परत बसवा. जेवण झाल्यावर ताट जागेवर ठेवावं तसं.

आणि मुळात ऑनपेंटमध्ये लोडबिटमॅप कशाला? फोटो ऑनइनिटडायलॉगमध्ये एकदा लोड करा. स्ट्रेच केलेली प्रत ऑनसाइझमध्ये बनवा, जुनी प्रत आणि तिचा पॅटर्न ब्रश डिलीट करून नवी. पेंटच्या वेळी फक्त बिटब्लिट, स्ट्रेच नाही. १९२० बाय १०८० ची ३२ बिटची प्रत म्हणजे ८२,९४,४०० बाइट, आठ एमबी. फोरकेला चौपट, तेहतीस. आजच्या मशिनला काहीच नाही. स्ट्रेच करताना सेटस्ट्रेचब्लिटमोड हाफटोन ठेवा, नाहीतर लहान केलेल्या फोटोतल्या बारीक रेघा तुटतात, आणि हाफटोन लावल्यावर लगेच सेटब्रशऑर्गईएक्स बोलवायचं असतं, ते डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय पण कोणी वाचत नाही. हाफटोन हळू आहे. म्हणून मी एन्टरसाइझमूव्ह आला की एक फ्लॅग चढवतो, ओढणं चालू असेपर्यंत कलरऑनकलर, खडबडीत पण झटपट, आणि एक्झिटसाइझमूव्ह आला की एकदा हाफटोनने नीट. ओढताना कोणी फोटोची क्वालिटी बघत नाही.

ऑनसाइझमध्ये शेवटी इनव्हॅलिडेट करायला विसरू नका. साध्या विंडोला क्लासमध्ये एचरीड्रॉ-व्हीरीड्रॉ लावलं की माप बदलल्यावर पूर्ण विंडो रंगते, डायलॉगच्या क्लासला ते नसतं, तिथे फक्त नव्याने उघडी पडलेली पट्टी रंगते. मग जुना फोटो जुन्या मापात आणि पट्टी नव्या मापात, गोधडीसारखं ठिगळ दिसतं. तुमचा फोटो आता इरेजमध्ये निघतो त्यामुळे इनव्हॅलिडेटला ट्रूच द्या, फॉल्स दिलं तर इरेज येणारच नाही. डबल बफरवाल्यांनी फॉल्स द्यायचं. हे उलटसुलट झालं की लोक तासन् तास डोकं धरून बसतात.

फोटोऐवजी ग्रेडियंट चालणार असेल तर जास्त बरं, ग्रेडियंटफिल विंडोज ९८ आणि २००० पासून आहे आणि पळतंही छान. त्यात फक्त रंगाचे आकडे १६ बिटचे असतात. २५५ लिहाल तर जवळजवळ काळं येईल, आठ बिट डावीकडे सरकवून द्यायचं. मला हे कळायला एक पूर्ण दुपार गेली होती, मी मॉनिटरची केबल बदलून बघितली होती.

आणि मराठी लेबलं असतील तर फोटो निवडताना जरा जपून. आम्ही एकदा लाकडाच्या पोताचं बॅकग्राउंड लावलं, आडव्या रेघांचं, इंग्रजीत देखणं दिसत होतं. मराठी लेबलं टाकली आणि शिरोरेखा त्या रेघांमध्ये गडप, "रक्कम" वाचताना खालचे नुसते पाय दिसायचे. शेवटी लेबलांच्या पट्ट्यात फोटोवर अल्फाब्लेंडने पांढरट थर दिला, बॅकग्राउंडच्याच फंक्शनमध्ये, म्हणजे पॅटर्न ब्रशमध्येही तो आपोआप आला.

कोणाला हेच एमडीआय फ्रेमवर (एका मोठ्या विंडोच्या आत अनेक विंडो उघडतात तशा अॅपच्या बाहेरच्या विंडोवर) करायचं असेल आणि काहीच दिसत नसेल तर कारण एवढंच की फ्रेमच्या अंगावर एमडीआय क्लायंट नावाची दुसरी विंडो पूर्ण पसरलेली असते. तुम्ही फ्रेमवर कितीही रंगवा, ती झाकून टाकते. त्या क्लायंट विंडोला सबक्लास करून (तिचे मेसेज आधी आपल्याकडे वळवून) तिचा इरेज बॅकग्राउंड पकडायचा, बाकी सगळं वरचंच.

विनफॉर्म्सवाल्यांना (डॉटनेटमधली विंडो बनवायची लायब्ररी) डबलबफर्ड ट्रू केलं की बरंचसं फुकट मिळतं, ऑनपेंटबॅकग्राउंडमध्ये काढायचं. तिथल्या लेबलचा "ट्रान्सपरंट" रंग खरा पारदर्शक नसतो, लेबल बापाचं बॅकग्राउंड स्वतःवर काढून घेतं, त्यामुळे पिक्चरबॉक्सवर लेबल ठेवलं आणि दोघांचा बाप फॉर्मच असला तर लेबलमागे फॉर्म दिसतो, चित्र नाही. लेबलचा पेरेंट कोडमध्ये पिक्चरबॉक्स करा. क्यूटीत (हीही तशीच एक लायब्ररी) स्वतःचा विजेट बनवून स्टाइलशीटमध्ये बॅकग्राउंड दिलं आणि दिसलं नाही तर स्टाइल्ड बॅकग्राउंडचा अॅट्रिब्यूट लावा.

दोन गोष्टी तुमच्या रिलीजच्या आधी. एक, हाय कॉन्ट्रास्ट मोड चालू असेल तर फोटो दाखवू नका, सिस्टमपॅरामीटर्सइन्फोला विचारा आणि हो म्हणालं तर गेटसिसकलरब्रशने सिस्टमचा रंग द्या. ज्याने तो मोड लावलाय त्याला अक्षरं वाचायची असतात, कंपनीची इमारत बघायची नसते. सिस्टमचाच रंग विंडो क्लासमध्ये द्यायचा असेल तर तिथे कलर विंडो अधिक एक असं लिहायला लागतं, कारण यादीतला पहिला रंग शून्य नंबरचा आहे आणि शून्य म्हणजे नल ब्रश समजला गेला असता. दोन, रिमोट डेस्कटॉपवरून वापरणारे असतील तर गेटसिस्टममेट्रिक्सने रिमोट सेशन आहे का बघा आणि असेल तर साधा एक रंग द्या. प्रत्येक रिसाइझला आठ एमबीचं चित्र ब्रॉडबँडवरून ओढायला लावलं तर तालुक्याच्या शाखेतला माणूस शिव्याच घालेल.

आजच्या आज फक्त दोन कामं करा, ब्रश मेंबरमध्ये हलवा आणि बिटमॅपचा लोड ऑनइनिटडायलॉगमध्ये न्या, मग जीडीआयचा कॉलम लावून अर्धा तास विंडो ओढत बसा. आकडा जागेवर थांबला की मग इरेज आणि पॅटर्न ब्रशकडे वळा. तरीही चढत असेल तर ऑनसीटीएलकलर आणि ऑनसाइझ एवढी दोन फंक्शनं जशीच्या तशी टाका, मी बघतो.